धोंडूभाऊंनी न प्यायलेली दारू

धोंडूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा आंबी गावातल्या माझ्या शेडमध्ये करवंदांचं वजन चाललं होतं आणि एका पाटीत निम्मी हिरवी निघाली म्हणून मी कुणाला तरी फैलावर घेत होते. फोन त्यांच्या मुलीचा, सुनीताचा होता. ती रडत नव्हती. "ताई, आण्णा गेलं," एवढंच म्हणाली. दुपारी जेवून पडवीत आडवे झाले, चहाला हाक मारली तर उठले नाहीत, असं नंतर कळलं. माणूस सुखानं गेला असं म्हणायची पद्धत आहे. गेला ते गेलाच, त्यात आपल्याला कसलं सुख, असं माझं मत आहे, पण ते असो. मी करवंदं तशीच टाकून त्यांच्या गावी, कुरवंड्याला निघाले. लोणावळ्यात हार घ्यायला थांबले तर फुलवाला ओळखीचा. कोण गेलं विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "दारूच्या धंद्यातला माणूस, जायचाच कधीतरी." मी हार परत त्याच्या टोपलीत ठेवला आणि दुसरीकडून घेतला.

त्या फुलवाल्याला काय माहीत असणार म्हणा. माझी जांभूळ-करवंदांच्या वाइनची छोटी शेड आहे, धोंडूभाऊ तिथं पंधरा-सोळा वर्षं काम करत होते, यावरून कुणीही तोच हिशेब मांडेल. पण मावळातली मद्याची झाडं ज्याला अंगणातल्या तुळशीसारखी माहीत होती, ज्याच्या बापानं अख्ख्या वाडीला मोहाची पाजली, आणि जो स्वतः तरुणपणी गळ्यापर्यंत प्यायचा, त्या माणसानं पंचवीसेक वर्षांत एक थेंब तोंडात घेतला नव्हता. हे लिहायला बसले आहे ते मुख्यतः तेवढ्यासाठी. गेलेल्या माणसाला निदान न केलेल्या गोष्टीचं नाव चिकटू नये.

ते पहिल्यांदा आले तेही करवंदं घेऊनच. आले म्हणजे काय, शेडच्या दारापर्यंत आले. बरोबर बायको, हौसाबाई. दोघांच्या डोक्यावर पाट्या. हौसाबाई आत आल्या, पाटी उतरवली, परत बाहेर गेल्या, नवऱ्याच्या डोक्यावरची पाटी घेऊन पुन्हा आत आल्या. गडी दाराबाहेर उभा, तोंड रस्त्याकडे करून. मला राग आला. बायकोला ओझं उचलायला लावून हे महाशय वारा खात उभे! मी तसं बोलूनही दाखवलं. हौसाबाई म्हणाल्या की त्यांना वास चालत नाही. मला वाटलं, सोवळं दिसतंय. त्या काळी माझा धंदा नवा होता आणि गावात निम्मे लोक मला नाकं मुरडत होते, त्यामुळे आणखी एकाची भर पडली असं समजून मी पैसे दिले आणि विषय संपवला. दुसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की हा माणूस मुरडत नाहीये, त्याचं नाक दाराच्या फटीकडे खेचलं जातंय आणि तो ते महत्प्रयासानं रस्त्याकडे वळवून ठेवतोय. पाय थोडा ओढत चालायचे. करवंदं मात्र त्यांच्याइतकी एकसारखी पिकलेली कुणीच आणत नव्हतं.

मला फळं गोळा करून घेणारा माणूस हवाच होता. मी विचारलं, ते लगेच हो म्हणाले, पण अट घातली की शेडच्या आत पाऊल टाकणार नाही. मी म्हटलं, नका टाकू, मला तुमची पावलं काय करायचीत, जांभळं पाहिजेत. तिथून आमचं जमलं. उन्हाळा सरता सरता जीप घेऊन आम्ही कुरवंडे, आंबवणे, पार वराळ्यापर्यंत जांभळं पाहत हिंडायचो. जांभळाची फांदी ठिसूळ, पोरं वर चढली की हे खालून ओरडून त्यांना हैराण करायचे. झाडाखाली जुन्या साड्या धरून फांद्या हलवायच्या, जमिनीवर पडलेलं एकही फळ घ्यायचं नाही, हा माझा नियम. तो त्यांना मुळीच पटला नव्हता. पडलेलं जांभूळ जास्त गोड, हे त्यांचं म्हणणं; पडलेल्या जांभळाला माती आणि माशी दोन्ही लागतात, हे माझं. या एका मुद्द्यावर आम्ही पंधरा वर्षं भांडलो, आणि दोघांपैकी एकानंही माघार घेतली नाही. जीपमध्येच मला त्यांची सगळी कहाणी तुकड्यातुकड्यांनी कळली.

वाडीच्या बांधावर त्यांचा एक भेरली माड होता. माशाच्या शेपटासारखी पानं असतात तो. त्याची माडी काढायचं काम बापामागं त्यांच्याकडे आलं. सकाळ-संध्याकाळ चढायचं, मोहोराचा दांडा पातळ कापायचा, मडकं बांधायचं. मडक्याला आतून चुना फासला तर उतरतो तो रस गोड राहतो, पोराबाळांना देता येतो. चुना नाही फासला तर दुपारपर्यंत तीच माडी फसफसून येते आणि माणसाला आडवं करते. धोंडूभाऊ चुना फासायला सोयीनं विसरायचे. पुढंपुढं तर ते संध्याकाळची वाटही पाहीनात, वरच बसून मडकं तोंडाला लावू लागले, आणि एक दिवस तिथूनच खाली आले. "मडकं शाबूत ऱ्हायलं, ताई. मीच फुटलो," असं ते सांगायचे, आणि जीपमधली पोरं खिंकाळून हसायची. खुबा मोडला होता. सुनीता तेव्हा रांगत होती. हौसाबाईंनी खुबा जुळून ते चालू लागेपर्यंत सगळं केलं, आणि चालू लागले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोरीला घेऊन त्या घाट उतरून माहेरी गेल्या. भांडण नाही, तंटा नाही. निरोपही ठेवला नाही.

त्यांचं माहेर खाली, घाटाच्या पायथ्याला. तिकडे मोह पुष्कळ. पहाटे फुलं टपटप पडतात, बायका-पोरं वेचतात, वाळवून ठेवतात. भाकरीत घालतात, उकडून खातात, आणि भिजवून दारूही पाडतात. अख्खा एक पावसाळा धोंडूभाऊ एकटे राहिले, किती प्यायले ते त्यांनाच ठाऊक. दिवाळीनंतर काठी टेकत घाट उतरले बायकोला आणायला. आता तिथली रीत अशी, की जावई आला की अंगणात घोंगडी टाकायची, पळसाच्या पानाचा द्रोण भरून त्याच्या हातात द्यायचा, आणि पहिला घोट त्यानं घ्यायचा. तो घेईपर्यंत इतरांनी द्रोणाला तोंड लावायचं नाही. नाही म्हणणं म्हणजे सासऱ्याच्या तोंडावर थुंकणं. सासरा, मेहुणे, आळीतले झाडून सगळे द्रोण धरून बसलेले, आणि दारात हौसाबाई उभ्या. प्यावं तर बायको येत नाही, न प्यावं तर सासरा तिला पाठवत नाही. असा पेच देवानं शत्रूवरही घालू नये.

धोंडूभाऊंनी द्रोण उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटून पोटभर वास घेतला, आणि हात तसाच दाराकडे लांब केला. कुणाला काही कळेना. हौसाबाई पुढं आल्या, द्रोण घेतला, एका दमात रिकामा केला आणि म्हणाल्या, "जावयाचा घोट झाला. प्या आता समदी." मंडळींना तहान लागलेली, कोण वाद घालतो. त्यांनी घसे ओले केले आणि संध्याकाळपर्यंत हौसाबाईंचं गाठोडं बांधून झालं. धोंडूभाऊंच्या सांगण्यात त्या द्रोण पिताना हसल्या होत्या. हौसाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कसलं हसती, मळमळाय लागलं हुतं मला." या बाबतीत मी हौसाबाईंवर विश्वास ठेवते.

तेव्हापासून ती घराची आणि मग माझ्या शेडचीही रीत होऊन बसली. धोंडूभाऊ वास घेणार, हौसाबाई चव पाहणार. शेडमध्ये ते कधी आणि कसे आले हे मला नीटसं आठवत नाही. आधी दारात स्टूल टाकून बसायला लागले, मग स्टूल आत सरकलं, मग एका सकाळी ते पिंपाला कान लावून उभे होते. आत रस फसफसत असतो त्याचा बारीक आवाज येतो, तो ऐकत होते. मी घाबरले. खरंच घाबरले. एवढ्या वर्षांचा नेम माझ्या शेडमध्ये मोडला तर हौसाबाईंना कुठल्या तोंडानं भेटायचं? मी सरळच विचारलं, भीती नाही वाटत? त्यांनी कान काढला नाही. "वाटती की," म्हणाले. "वाटती तवर बरं हाय." मी हौसाबाईंनाही कामाला ठेवून घेतलं, म्हणजे निदान नजर राहील, असा माझा हिशेब. हौसाबाईंनी मात्र कधी नजर ठेवली नाही. त्या आपलं काम करायच्या. चमचाभर तोंडात घ्यायच्या, जिभेवर फिरवायच्या, थुंकायच्या, आणि एका शब्दात निकाल द्यायच्या: "कच्ची." "बरी." "गेली." पुण्याहून एक जाणकार गृहस्थ चव घ्यायला यायचे, ते वाइनबद्दल अर्धा तास बोलायचे. मला हौसाबाईंचा निकाल वेळ वाचवणारा वाटायचा.

आता कुणाला वाटेल की धोंडूभाऊंचं नाक म्हणजे देवाची देणगी आणि मी फक्त मम म्हणत होते. तसलं काही नाही. नाक चांगलं होतं, पण डोक्यात बापाचं ज्ञान घट्ट बसलेलं, आणि ते मोहाच्या भट्टीचं, माझ्या पिंपांचं नव्हे. एका साली करवंदांचा रस उठायला, म्हणजे फसफसायला, उशीर लागला. पाऊस लवकर येऊन हवा गार पडली होती, थोडं थांबायला हवं होतं, एवढंच. धोंडूभाऊंना दम निघेना. डोंगरउतारावर धायटी फुलते, बारीक लाल फुलांची झुडपं. वैद्य लोक आसवं-अरिष्टं आंबवायला ती फुलं घालतात, आणि त्यांचा बापही मोहाच्या सडव्यात, म्हणजे भिजवून आंबवलेल्या फुलांत, मूठभर टाकायचा. यांनी गुपचूप फडक्यात बांधून भरपूर धायटी माझ्या पिंपात सोडली. करवंद मुळात तुरट, त्यात धायटी तुरट. रस उठला, चांगला उठला, पण हौसाबाईंनी चमचा तोंडात घेतला आणि बाहेर जाऊन गूळ खाऊन आल्या. जीभ चामड्यागत झाली म्हणाल्या. अख्खं पिंप ओतून द्यावं लागलं. मी चार दिवस बोलले नाही त्यांच्याशी, आणि मला न बोलणं किती जड जातं ते ओळखीच्यांना माहीत आहे. त्यांनी कबूल केलं का? छे. शेवटपर्यंत म्हणत राहिले की त्या साली करवंदंच वाईट होती.

त्यांच्यासाठी मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती त्या माडाच्या वेळी. भेरली माडाचं असं असतं, की तो मोठा होईपर्यंत फुलतच नाही, आणि एकदा फुलायला लागला की वरून खाली एकेक मोहोर येत जातो. सगळ्यात खालचा मोहोर संपला की झाडही संपतं. धोंडूभाऊ पडले तो हाच माड, त्यानंतर त्याच्यावर पुतण्या चढायचा. तीनेक वर्षांपूर्वी त्याचा शेवटचा मोहोर आला, माणसाच्या हाताला लागेल इतका खाली. मी त्या दिवशी आमरसाला म्हणून त्यांच्याकडे गेले होते. जेवण झाल्यावर धोंडूभाऊ उठून बांधाकडे गेले, आणि बराच वेळ आले नाहीत. पाहते तर माडाच्या बुंध्याशी बसलेले, मांडीवर मडकं. चुना न फासलेलं. वास माझ्यापर्यंत येत होता. मी उठणार तोच हौसाबाईंनी माझा हात धरला. त्या अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, बसा ताई, जाऊ नका. आणि त्या तांदूळ निवडत राहिल्या. नुसत्या निवडत राहिल्या... मला वाटत होतं, बाई, तो माणूस आता पिणार आहे, तुझी सगळी वर्षं त्या मडक्यात जाणार आहेत, आणि तू खडे काय वेचतेस! पण त्यांच्या बोटांकडे पाहिलं तर त्या खडे टाकत नव्हत्या. तांदूळ टाकत होत्या, आणि खडे सुपात ठेवत होत्या.

उन्हं कलल्यावर धोंडूभाऊ रिकामं मडकं घेऊन आले. माडी त्यांनी माडाच्याच मुळाशी ओतली होती. मुंग्यांची दिवाळी झाली. हौसाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या तोंडाजवळ तोंडसुद्धा नेलं नाही, वास घेतला नाही. तांदूळ वाया गेल्याबद्दल स्वतःलाच दोन शब्द बोलल्या आणि चहा ठेवायला उठल्या. मी त्या दिवशी घरी येऊन रडले, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. का रडले ते विचाराल तर मला त्या दोघांचा हेवा वाटला, दुसरं काही नाही.

त्यांच्या मरणानंतर हौसाबाई पंधरा दिवसांनी कामावर आल्या. धोंडूभाऊंचं स्टूल दाराच्या आत, उजव्या हाताला आहे. ते कुणी हलवलेलं नाही, आणि कुणी मुद्दाम जपलेलंही नाही; कधी त्याच्यावर पाटी असते, कधी कुणाचा डबा. हौसाबाई चमचा घेऊन निकाल देतात. वासाचं मी पाहते, माझं नाक बेताचं आहे. काम चाललं आहे. पण मला खरं सांगायचं आहे ते बाराव्याचं.

त्यांच्या वाडीत बाराव्याला गेलेल्या माणसाला पितरांत मिसळतात. वाडीच्या कडेला एक दगड आहे, तिथं पळसाच्या पानावर भात ठेवायचा आणि भावकीतल्या थोरल्यानं त्याच्या नावानं मोहाच्या दारूची धार धरायची. ती धार पडली की आधी गेलेले सरकून जागा करतात, असं मानतात. थोरले म्हणजे बाळूआबा, धोंडूभाऊंचे चुलतभाऊ आणि एके काळचे पिण्यातले जोडीदार. त्यांनी घाटाखालून खास पहिल्या धारेची बाटली मागवली होती. भात ठेवला, आबांनी बूच काढलं, आणि हौसाबाई म्हणाल्या, "न्हाई."

सगळे थबकले. कुणीतरी म्हणालं की नेम जिवंतपणीचा, माणसाबरोबर तो गेला. हौसाबाई पानावर हात आडवा धरून बसल्या. बाळूआबा वाईट माणूस नव्हेत. त्यांनी दरडावलं नाही, उलट त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "जित्तेपनी मी त्येला कदी आग्रेव केला का, सांग. पर धार न्हाई पडली तर त्यो एकला बसंल की गं भाईर. समदी आत, आन् त्यो एकला." पितरांवर हौसाबाईंचाही तेवढाच विश्वास होता. बायको पोरीला घेऊन गेल्यावर घरात तो माणूस एक पावसाळा एकटा बसला होता, आणि ते त्यांनीच केलं होतं. आता पुन्हा त्याला एकटं बसवायचं? आणि नाही बसवायचं तर आयुष्यभर त्यानं जे तोंडात घेतलं नाही, ते तो नाही म्हणू शकत नाही तेव्हा त्याला पाजायचं? लोक माझ्याकडे पाहायला लागले. शिकलेली बाई, काहीतरी बोलेल. मी भाताच्या पानावरची माशी उडवली.

हौसाबाई उठून घरात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मला वाटलं, रडायला गेल्या असतील. भात वाळत होता, पोरं कावळे हाकत होती, आबा बाटली धरून उभे. मग त्या आल्या, ओंजळीत वाळलेली मोहाची फुलं, मनुकांसारखी तपकिरी, माहेराहून आलेली. वाकून त्यांनी ती पानावर, भाताच्या शेजारी नीट ठेवली.

"मोहच हाय," त्या म्हणाल्या. "पाडून पितील, न्हाईतर नुसती खातील. त्येंचं त्येनी ठरवावं."

आबा फुलांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आगं, भिजायची कवा, आंबायची कवा, धार पडायची कवा... तवर पितरांनी काय वाट बगायची?"

"बगू द्या," हौसाबाई म्हणाल्या. "मी बी बगितलीच की."

आबांनी बाटलीला बूच लावलं, दगडाला हात जोडले आणि आम्हाला म्हणाले, चला, जेवून घ्या.